बाबांच्या नावावर खेळलेले डाव

मंगळवार, १४ मे
लॅब, जेवणाची सुट्टी

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि पिल्लू बरे असाल असं धरून चालते. पत्राच्या सुरुवातीला इकडचंही सगळं ठीक आहे असं लिहितात. माझं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो अजून बातमी देण्याइतका मोठा झालेला नाही.

पत्र बघून तुला वाटेल, हिचा फोन बिघडला की काय. फोन चालू आहे. पण फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, हे तुझ्या बायकोलाही मान्य आहे. तिसऱ्या वाक्याला तुझा उपाय तयार असतो. मला जे सांगायचंय त्याला बरीच वाक्यं लागतील आणि ती सलग लागतील, म्हणून कागद घेतला.

लॅबची बातमी म्हणजे कृत्रिम दात भाजायची नवी भट्टी आली. साहेबांनी तिला हात लावायची परवानगी फक्त मला दिलीय. त्यामुळे प्लास्टरचे साचे ओतणारा आमचा प्लास्टरवाला तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. ते माझ्या पथ्यावर पडलंय, नाहीतर तो बडबडत बसला असता आणि हे लिहून झालं नसतं.

मागच्या आठवड्यात तू म्हणालास, "बाबांचं बुद्धिबळाचं रेटिंग सोळाशे चाळीस झालं, बारके. शहात्तराव्या वर्षी माणूस सुधारतोय. डोकं ठणठणीत आहे त्यांचं, मी उगाच घाबरलो होतो." मी हो म्हणाले. कारखान्याचं शटडाउन आटपून ऑगस्टात निवांत येतो म्हणालास, त्यालाही हो म्हणाले. दोन्ही हो चुकीचे होते. ऑगस्टपर्यंत थांबलास तर बाबा तुला ओळखतील याची मला खात्री नाही.

आता उठून फोन करू नकोस. पुढे वाच.

गेल्या वर्षी याच सुमारास बाबांचं रेटिंग पंधराशे साठवरून तेराशेच्या घरात आलं, दोन महिन्यांत. तुझा फोन आला होता, रजा टाकू का म्हणून. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय. नंबर खरंच बदलला होता, म्हणजे ती अगदीच थाप नव्हती. बाबा हरले की समोरच्याला शिव्या द्यायचे, ठाऊक आहे तुला. तो कुठल्या देशातला, किती वयाचा, काही पत्ता नसताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून जी भाषा कमावली ती सगळी त्या कॉम्प्युटरला ऐकून घ्यावी लागायची. मग एक दिवस शिव्या थांबल्या. त्यांचा वजीर फुकट गेला आणि ते नुसते पडद्याकडे बघत बसले.

मला म्हणाले, "हा इथे कुणी ठेवला?"

मी म्हटलं, तुम्हीच.

"मग मी गेलो कामातून," म्हणाले आणि रडले. बाबा, दादा. आईच्या वेळीसुद्धा माझ्यासमोर रडले नव्हते.

मला ते बघवलं नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते आडवे झाले की मी त्यांच्या खात्यावर खेळायला बसू लागले. आकडा थोडा वर नेऊन ठेवायचा, म्हणजे उठल्यावर त्यांना बरं वाटेल, एवढंच डोक्यात होतं. लहानपणी आपण तिघं खेळायचो, मी तुला दोनदा हरवलंय, तू अजून नाकबूल करतोस. पण इतक्या वर्षांत हात पार गंजला होता. पहिल्याच आठवड्यात मी त्यांचे आणखी नव्वद गुण घालवले.

तेव्हा मी रीतसर शिकायला लागले. स्वतःचं वेगळं खातं उघडलं, हजाराच्या आतबाहेर. लॅबमध्ये डाव्या हाताने डबा आणि उजव्या हाताने मोबाइलवर कोडी. प्लास्टरवाला कॉलेजात खेळलेला निघाला, तो माझ्या मागे उभा राहून कपाळाला हात लावायचा. "ताई, तुम्ही चालसुद्धा दातासारखी घासत बसता. इथे अख्ख्या डावाला आपल्याला पाचच मिनिटं आहेत. बरी चाल दिसली की खेळून टाका. उत्तम शोधायला गेलात की घड्याळ पडलंच तुमचं." आमच्या कामात दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळेपर्यंत तो हातातून सोडायचा नसतो. वीस वर्षांची ती सवय मोडायला मला चार महिने लागले. पहिल्या आठ चाली पाठ, त्यांना डोकं लावायचं नाही. समोरचा काय खेळणार ते दिसत असेल तर आपलं उत्तर आधीच तयार ठेवायचं. तीन सेकंदांच्या वर रेंगाळायचं नाही. आणि हरलो की रागारागाने लगेच दुसरा डाव लावायचा नाही, आधी उठून पाणी प्यायचं. हे शेवटचं मला कुणी शिकवलं नाही, माझं मला सापडलं.

खोटं कशाला बोलू, मजा येत होती. बाराशे झाले, साडेतेराशे झाले, पुढे पंधराशे ओलांडले. पन्नाशीला टेकलेल्या बाईला तुम्ही सुधारलात असं कुणी म्हणत नाही रे. तो आकडा म्हणत होता. मग मी पुन्हा बाबांच्या खात्यावर गेले आणि ते वर न्यायला सुरुवात केली. कॉम्प्युटरची मदत एकदाही घेतली नाही, सगळी लबाडी स्वतःच्या हाताने केली.

आणि चूक तिथेच झाली. दुपारी मी आकडा चढवला की संध्याकाळी बाबांच्या समोर त्या आकड्याच्याच तोडीचे लोक यायचे. आधी ते तेराशेवाल्यांशी झुंजून हरत होते, निदान झुंजत होते. आता सोळाशेवाले त्यांना बारा चालींत आडवे करायला लागले. मी जेवढी सुधारले तेवढा त्यांचा मार वाढला, आणि मार वाढला म्हणून मी आणखी खेळले. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले. लक्षात आल्यावरही मी थांबले नाही, कारण एव्हाना तू रोज सकाळी तो आकडा बघायला लागला होतास.

सुट्टी संपली. उरलेलं घरी लिहीन.

बुधवार, सकाळी, घरी

काल सुट्टी संपली तेव्हा मला हायसं वाटलं. आज रजा घेतलीय, म्हणजे पळायला जागा नको.

बाबा माझ्यासमोर बसलेत, शर्टाची बटणं लावताहेत. शेवटी एक बटण उरतं, म्हणून सगळी काढून पुन्हा पहिल्यापासून. मदतीला गेले तर हात झटकतात.

ऑक्टोबरात मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्यांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी गोल सुंदर काढला, पण बाराही आकडे उजव्या बाजूला कोंबले. विस्मरणाचा आजार आहे, गोळ्यांनी जरा मंदावतो, थांबत नाही, असं त्या म्हणाल्या. घरी येताना बाबा रिक्षात मला दोनदा म्हणाले, "घड्याळ बरोबर काढलं ना मी?" मी बरोबर म्हटलं.

हे तुला सात महिने सांगितलं नाही. का, ते मी काल रात्रभर टाळलं आणि आत्ता लिहिते. सांगितलं असतं तर तू आला असतास आणि ठरवलं असतंस. तुला ठरवता येतं. तू चार जागा बघितल्या असत्यास, त्यातली सगळ्यात चांगली निवडली असतीस आणि बाबांना तिथे ठेवलं असतंस, आणि तुझं बरोबरही असतं. मला तुझ्या बरोबर असण्याची भीती वाटली. तुला लांब ठेवायला तो आकडा मला बरा सापडला.

आता रविवारचं.

तुला माहीत असलेलंच लिहिते, पण क्रमाने लिहू दे, नाहीतर मी काहीतरी गाळीन. आईच्या ऑपरेशनच्या कागदावर तू सही केलीस. बाबा थांबू या म्हणत होते, सर्जन आजच ठरवा म्हणत होता, मी पाण्याची बाटली धरून उभी होते. आई बाहेर आली नाही. दीड वर्ष बाबा तुझ्याशी बोलले नाहीत. मग एका रविवारी सकाळी अकराला त्यांनी तुला पाच मिनिटांच्या डावाचं आव्हान पाठवलं, सोबत एक शब्द नाही. तेव्हापासून दर रविवारी तीन डाव. फोनवर तुमची गाडी "जेवलास का" आणि "ठेवतो" याच्या पुढे कधी गेली नाही, पण रविवार चुकला नाही.

फेब्रुवारीपासून ते डाव तू माझ्याशी खेळतोयस. बाबा शेजारी असतात. पहिल्या चार चाली ते स्वतः करतात, हात आपोआप जातो. मग थांबतात आणि वेळेचे आकडे उतरताना बघत राहतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी मिनिटभर वाट बघितली आणि माऊस माझ्याकडे घेतला. तो डाव तू हरलास आणि फोनवर किती खूष झालास. "म्हाताऱ्याने घोड्याने माझा वजीर उचलला." तो घोडा माझा होता, दादा.

एकतीस मार्च, दुसरा डाव. पटाच्या शेजारच्या चौकटीत, जिथे तुम्ही दोघांनी इतक्या वर्षांत एक अक्षर लिहिलं नव्हतं, तिथे तुझी ओळ आली. "बाबा, आईच्या कागदावर मी सही केली, त्याचा राग अजून आहे का?"

माझ्याकडे एक मिनिट दहा सेकंद होते. चाल माझी होती. बाबांना खुर्चीतच डुलकी लागली होती. मी "नाही" लिहिलं आणि हत्ती पुढे सरकवला. सगळं मिळून तीन सेकंद लागले असतील. तेवढ्यात उत्तर द्यायची तर मी सवय केली होती.

तू डाव तिथेच सोडलास. संध्याकाळी फोन केलास. "त्यांनी लिहिलं, बारके. स्वतः लिहिलं." एप्रिलची रजा रद्द करतो म्हणालास. समोर बसून हेच विचारायला येणार होतो, ते विचारून झालं, आता घाई नाही. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं मी. तू इतका हलका बोलत होतास की मला जमलं नाही. आज दीड महिना झाला.

परवाच्या रविवारी मी बाबांना खरंच विचारलं. गॅलरीत ऊन खात बसले होते. दिवस चांगला होता, सकाळी मला नावाने हाक मारली होती. म्हटलं, बाबा, दादाने सही केली त्याचा राग आहे का तुम्हाला?

"कसली सही?"

आईच्या ऑपरेशनची.

त्यांनी बराच वेळ विचार केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "ती अजून आली नाही?"

मी म्हटलं, येईल. आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तेव्हा राग नाही हे खरं आहे. पण तो त्यांनी सोडलेला नाही. जिच्यावर तो होता ती गोष्टच आता त्यांच्यापाशी राहिलेली नाही. एप्रिलमध्ये तू आला असतास तर कदाचित त्यांनी तुला काहीतरी सांगितलं असतं. शिवी घातली असती, नाहीतर डोक्यावर हात ठेवला असता, मला माहीत नाही. जे काही होतं ते तुझं होतं आणि ते मी चाल करता करता लिहून टाकलं. ते "नाही" मी परत घेते. त्याच्या जागी तुला द्यायला माझ्याकडे काही नाही. माफी मागत नाही, कारण मागितली तर तू देशील, आणि मला इतक्यात मोकळं व्हायचं नाही.

तू ये. आल्यावर काय हाती लागेल ते सांगता येत नाही. तुझा फोटो दाखवला की परवापर्यंत तुझं नाव घेत होते. काल म्हणाले, "हा आपल्या कंपनीतला का?" संध्याकाळी पुन्हा दाखवला तेव्हा बरोबर ओळखलं. काय ठरवायचं ते तू ठरव, मी या वेळी बाटली धरून उभी राहणार नाही. भांडेन, पण समोर बसून भांडेन.

हे पत्र कुरियरने टाकते, शुक्रवारपर्यंत मिळेल. रविवारी अकराला मी बाबांना कॉम्प्युटरसमोर बसवीन आणि माऊसला हात लावणार नाही. ते पहिल्या चार चाली करतील. पाचवी येणार नाही. तू मध्येच डाव सोडू नकोस आणि काही लिहूही नकोस. त्यांची वेळ संपेपर्यंत त्यांच्यासमोर बसून राहा. डाव तू जिंकशील. मग ऊठ आणि रजेचा अर्ज दे.

बाबांच्या नावाने तुला "नाही" म्हणालेली,
तुझी
बारकी