बसवराजचं खलाशी ओळखपत्र

उदगीर, १८ मे १९८४, शुक्रवार

धाकटा भाऊ बसवराज जहाजावरून सुट्टीला आलाय. आज त्यानं खलाशाचं ओळखपत्र दाखवलं, तर अप्पांनी धोतराला हात पुसून ते घेतलं. हात पुसून!

"हे असलं की परक्या बंदरात व्हिसाशिवाय उतरून फिरता येतं. लई देशांनी मानलेला नियम हाय," तो म्हणाला.

अप्पा माझ्याकडं वळले. "आन् तुला हितं लातूरला, नव्या जिल्ह्याच्या हापिसात जायला जमंना!"

कसं जमणार? या दुष्काळात रोज टँकरपुढं कोण उभं राहतं?

बसवराज हळूच म्हणाला, "दादा, तू घर सांभाळतोस म्हणून मी जातो."

खरंही असेल. पण माझी कुठली वस्तू अप्पांनी कधी हात पुसून घेतली?

उद्या टँकरला त्यालाच पाठवतो. मी लातूरची एसटी धरणार, आणि हापिसात न जाता नुसता गाव फिरणार.