पाठमोरा मिस्त्री

उंद्री, ता. चिखली
२१ सप्टेंबर २०२५, इतवार

धम्मशीलाचं नाव काढलं की पुण्याची लाइन कशी काय जाते, हे मले पयले सांग. सोयाबीनचं बोलली तर लाइन राह्यते. माह्या गुडघ्याचं बोलली तर राह्यते. उकंडरावाच्या म्हशीचं बोलली तरी तुले साफ ऐकू येते. अन् तुह्या पोरीचं नाव आलं की 'आई, आवाज कटून राह्यला' म्हणतो अन् फोन ठेवून देतो. मी अडाणी असन, बहिरी नाई. म्हून हा कागद घेतला. फोन तोडाले एक बोट पुरते, कागद फाडाले दोन्ही हात लागतात. तेवढ्या वेळात दोन ओळी तरी वाचशीन.

चि. जीवन, तुले अन् सूनबाई संजीवनीले आईचा जयभीम. मी बरी हाये. गुडघे हायेत तिथंच हायेत. सोयाबीनले शेंगा बऱ्या धरल्या. शेजारचा उकंडराव तुह्या नावानं रामराम घालते अन् तू कवा येतो म्हून इचारते. त्याले म्हटलं, साहेबाले इचार.

माहं अक्षर कोंबडी चालल्यावानी हाये, ते चालवून घे. दुसरीतून शाळा सुटली तवाचं अक्षर हाये, त्याच्यापुढं ते वाढलं नाई. पोरीच्या हातून लिहून घेतलं असतं तर मोत्यासारखं झालं असतं, पण तिले हे कळू द्याचं नाई. ती आज अमडापूरले बद्रुद्दीन मिस्त्रीच्या मोटरी दुरुस्तीच्या दुकानात गेली. एसटीनं परत येईन, तोवर मले आटपाचं हाये.

तुही पोरगी कशी हाये ते तू इचारत नाई, म्हून मीच सांगते. घरात धड वस्तू ठेवली नाई तिनं. मिक्सर उकलला, इस्त्री उकलली. पिठाच्या डब्यात स्क्रू पिळाचा पेचकस सापडला मले, भाकरीत नाई आला हे नशीब. ओसरीतला पंखा तुह्या लग्नापासून कुरकुरत होता. तो तिनं असा केला का आता त्याचा आवाजच नाई, अन् मले झोपच लागत नाई. पुण्याची भाषाही गेली तिची. परवा मले म्हणे, 'आजी, काऊन चिडून राह्यली?' अशी पोट्टी घरातून गेली तर माहं बरंच हाये.

पण खाते. हे पयले लिहाचं होतं, मांगून आलं. संजीवनी तिले इथं सोडून गेली तवा ती खात नव्हती, आठवते तुले? डॉक्टरकीच्या परीक्षेत दुसऱ्या खेपेले राह्यली तवाची गोष्ट. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडे. मी म्हटलं, उठ, भाकरी तरी थाप. तर म्हणे, आजी, मले जमत नाई, चुकन. मी म्हटलं, चुकली तर कुत्र्याले टाकू, त्यात काय? तवा तिनं मले तुमच्या त्या परीक्षेची रीत सांगतली. उत्तर चुकलं तर जवळचे मार्कही कटतात म्हणे, त्याच्यापेक्षा रिकामं सोडलेलं बरं. दोन-तीन वर्षं रोज तेच ऐकून पोट्टीनं सारंच रिकामं सोडलं होतं. ताटही.

उकंडरावाची नात पूनम खामगावले आयटीआयत जाते. मी धम्मशीलाले म्हटलं, तिच्यासंग जाय, नुसती हवा खाऊन ये. गेली. परत आली ती बोलतच आली, अन् भाकरी मागून घेतली. तवाच माहं ठरलं. इलेक्ट्रिशियनच्या कोर्सले नाव घालाले मी सोता संग गेली होती. तथी इचारलं, पालक कोण? मी म्हटलं, हे काय, पुढं उभी हाये. तुले वाटते पोरीनं लपूनछपून केलं. लपून काही नाई, माह्या नाकासमोर झालं. रागवाचं असन तर इकडं रागव, माहं काय वाकडं होते ते पाहू.

आता मोटरीचं ऐक. मागल्या हिवाळ्यात हरभऱ्याले पाणी द्याच्या वेळी आपल्या अन् उकंडरावाच्या विहिरीवरची मोटर जळाली. जळणारच. उकंडराव स्टार्टरच्या बटनात तुरीची काडी, तुराटी, खुपसून ठेवते, बटन सुटलं नाई पाहिजे म्हून. धम्मशीलानं त्याले समजावलं का आबा, मोटर तापली का तिले वाचवासाठीच बटन सुटते. तर म्हणे, 'माही तुराटी तुह्या आयटीआयच्या पयलेची हाये.' घे.

मोटर बद्रुद्दीनच्या दुकानात नेली. जळालेली तार काढून नवी तांब्याची तार भराचं काम पोट्टीनं सोताच्या हातानं केलं. विहिरीत सोडाले अर्धं गाव जमलं, गावाले दुसरा काय धंदा? लाइन आली, मोटर सुरू झाली, अन् पाणी आलं ते लहान लेकरू मुतते तेवढं. सारे हसले. उकंडराव तर धोतर धरून हसला. मी कोणाकडं नाई पाह्यलं, पोरीच्या तोंडाकडं पाह्यलं. मले वाटलं, झालं, आता घरात जाईन अन् भिंतीकडं तोंड करन.

तर तीही हसून राह्यली. म्हणे, 'आजी, उलटी फिरून राह्यली.' लाइन बंद केली, दोन वायरांची जागा बदलली, पुन्हा बटन दाबलं. पाइपातून असं पाणी सुटलं का उकंडरावाची टोपी भिजली.

जीवन, पाणी सारेच काढतात. मी तुले पाण्याचं सांगून नाई राह्यली. चुकलं तर दोन वायरा बदलाच्या असतात, मराचं नसते, हे तुह्या पोरीले खामगावात समजलं. त्याच्यापायी ती जेवाले लागली. तुह्या त्या क्लासनं तिले लय शिकवलं असन, हे नाई शिकवलं.

अन् तू एप्रिलात आला. जयंतीचा दिवस, पोट्टी दारात मोटर घेऊन बसलेली, हाताले वार्निश लागलेलं. तू तिले कशी हाये म्हून नाई इचारलं. तिच्या हाताकडं पाह्यलं अन् म्हणाला, 'बाबांनी जिनिंगमधी कापसाच्या गाठी ओढल्या त्या हिनं हात काळे करावे म्हून?' अन् न जेवता निघून गेला. भरीत तसंच राह्यलं. उकंडरावानं खाल्लं, त्याचं भलं झालं.

तवा मी गप बसली. तुह्या बाबाचं नाव निघालं का मी गप बसते, हे तुले लहानपणापासून माईत हाये अन् त्याचा तू फायदा घेतो. आज बोलते.

तुह्या बाबानं खामगावच्या जिनिंगवर गाठी ओढल्या, खरं हाये. त्याच जिनिंगवर एक फिटर होता. मशीन बंद पडली का मालक सोता त्याले बोलवाले जाये, मिस्त्रीजी म्हणे, खुर्ची दे. तुह्या बाबाले तिथं कोणी नावानं हाक मारली नाई, 'ए' म्हणत. त्याले त्या फिटरचं काम पाहाचा भारी नाद. सुट्टीचा भोंगा झाला तरी थांबून राहे. फिटर मशीन उकले ते सारं दिसू दे, अन् शेवटचा जोड आला का पाठ फिरवून बसे. तवा सारेच मिस्त्री तसे. शेवटचा जोड आपल्या पोराले दाखवाचा, दुसऱ्याले नाई. अन् आपल्या लोकाले तर नाईच नाई. तुह्या बाबानं कितीक वर्षं त्या माणसाची पाठ पाह्यली. घरी येऊन म्हणे, 'रुखमे, पुढचं सारं समजते, शेवटचंच नाई समजत.'

तुले शिकवासाठी त्यानं गाठी ओढल्या, हाव, ओढल्या. तू ऑफिसात लागला तवा त्यानं गावभर सांगतलं. पण त्याले सोताले काय व्हाचं होतं, हे तू कधी इचारलं नाई. त्याले फिटर व्हाचं होतं. त्याच्या हाताले कष्ट होते, हुनर नव्हतं, अन् हुनर कोणी देत नव्हतं. पोरीच्या हाताचं काळं घासलेटानं निघून जाते. त्याच्या मनातलं गेलं नाई.

आयटीआयत सर शेवटचा जोड फळ्यावर काढून दाखवते. खडूनं, सगळ्यायच्या समोर. कोणाची पोरगी, कोणाचं पोरगं, काही इचारत नाई. हे मी ऐकलं तवा मले तुह्या बाबाची लय आठवण आली. तुले फोनवर सांगाले घेतलं होतं, तर लाइन गेली.

बद्रुद्दीनही त्याच जुन्या चालीचा. त्याच्या बापानं त्याले तसंच लावलेलं. धम्मशीला सुरुवातीले गेली तवा तार उकलाले दे, झाडझूड सांगे, अन् जोडाची वेळ आली का स्टूल फिरवून बसे. एक दिवस ही मागून म्हणे, चाचा, आता ही वायर त्या पल्याडच्या वायरीले जाईन ना? तो असा वळला का स्टुलावरून पडत होता.

'किसने बताया?' म्हणे.

'सरांनी फळ्यावर काढलं, चाचा.'

तो हसला तर थांबेचना. आतून बायकोले, अमीरबीले, बोलावलं, म्हणे, 'सुन, अब्बा जिंदगीभर जो छुपाते रहे, वो सरकार फळे पे लिख रही है.' तिनं तवाच धम्मशीलाले चहा देल्ला, त्याच्या पयले देत नव्हती. तवापासून बद्रुद्दीन तोंडासमोर बसून काम करते. तार किती ताणाची, वार्निश किती वाळू द्याचं, जळालेल्या मोटरीचा वास घेऊन तिचा रोग कसा सांगाचा, हे फळ्यावर येत नाई, ते तो शिकवते. पयले फळा, मंग दुकान. दोन्ही मिळून पोट्टी तयार झाली.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते. इतका वेळ टाळून राह्यली.

ती पास झाली. पुण्याजवळ मोटरी तयार कराचा कारखाना हाये, तथी तिले अप्रेंटिस म्हून घेतलं. सालभर मोठ्या मशिनीवर शिकवतात, अन् पुढं नोकरीचा रस्ता. दसरा झाला का हजर व्हाचं हाये. अन् पोट्टी नाई म्हणते. म्हणते, बाबा ज्या शहरात हायेत तथी मी परक्यावानी होस्टेलात राहू काय? बाबानं ये म्हटलं तर जाईन. नाई तर बद्रुद्दीन चाचा दुकानात टेबल टाकून देतात, इथंच बसीन.

टेबलाचं खरं सांगू? ते मीच बद्रुद्दीनले म्हटलं होतं. तो म्हणे, 'अम्मा, टेबल आज डाल दूँ. पन लडकी को बडा कारखाना देखने दो. मेरे पास जो था, वो उसने ले लिया.' मले त्याचा राग आला. लय राग आला. शिकवणाराच तिले वाटेले लावून राह्यला.

हा कागद मी चुलीत घातला तर ती इथंच राह्यते. तू बोलणार नाई, ती जाणार नाई, मले काही करा लागत नाई. दोघींच्या भाकरी थापाची सवय झाली मले. एकटीसाठी तवा तापवणं जिवावर येते. हे लिहाचं नव्हतं, लिहून गेलं, खोडाले जागा नाई.

पण तुह्या बाबाले मी त्या फिटरच्या पाठीमागं उभं राहून म्हातारं होताना पाह्यलं. अन् एप्रिलपासून तुह्या पोरीले तुह्या पाठीमागं उभी पाहून राह्यली. तू फोन ठेवतो तवा ती उंबऱ्यात असते. इचारते, बाबा काय म्हणाले? मी म्हणते, लाइन गेली. ती लाइनीचंच शिकलेली पोरगी हाये, जीवन. लाइन कवा जाते अन् कवा कोणी बटन दाबते, हे तिले माईत हाये. तरी मले खोटं पाडत नाई.

तवा आता स्टूल फिरव. बद्रुद्दीननं फिरवलं, तुले काय जड हाये?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इकडं ये. जेवून जाजो, भरीत करते. जाताना तिले संग घेऊन जाय. पेचकस, पक्कड, सारं मी बांधून ठेवीन, डबे झाडून पाहीन. अन् तुह्या घरचा पंखा कुरकुरत असन तर तिले हात लावू दे. मंग काही दिवस झोप नाई लागत, सांगून ठेवते.

तुह्यावर रागावलेली, अन् तरी तुहीच
आई

ता. क. उत्तर मले लिहू नको. संजीवनी गच्चीवर जाऊन पोरीले फोन करते ते मले माईत हाये, तिच्या तोंडूनही नको. उत्तर धम्मशीलाले द्याचं, तिचं नाव घेऊन द्याचं, अन् तूच द्याचं.