न उगवलेले दाणे

१९ ऑक्टो.
परतीचा पाऊस, तिसरा दिवस. प्रयोगशाळेत एकटीच. बाकीचे दोघं रजेवर. घरमालकीण हौसामावशींचं आंबेमोहर कापणीला आलेलं, सगळं आडवं झालं. दिवसभरात माझं बोलणं दोनच वाक्यं, तीही दूधवाल्याशी.

२१ ऑक्टो.
मावशींबरोबर खाचरात. पोटरीपर्यंत चिखल. लोंब्यांना जागच्या जागी मोड आलेत. मावशी म्हणाल्या, "कापायची वाट बगायचा बी दम न्हाई ह्यास्नी."
बारा वर्षं हाच विषय माझा. दाण्याला झोपवून ठेवणारं अॅब्सिसिक आम्ल कमी पडतं, उठवणारं जिबरेलिन वरचढ होतं. आणि आपणच पिढ्यान्‌पिढ्या चटकन उगवणारं बी निवडत आलो, त्यात झोपेची जनुकं गळाली. यातलं एक अक्षर बोलले नाही. त्यांचं पीक गेलेलं.
बांधाजवळ एक ठोंब. तोही आडवा, तसाच भिजलेला, पण मोड एकही नाही! तीन लोंब्या आणल्या. उरलेल्या पिकू देत. उद्या खुणेचा दोरा बांधायचा.

२५ ऑक्टो.
खोलीतच ओल्या कागदावर ठेवलेत दाणे, आज चौथा दिवस. ताडून बघायला आणलेले शेजारच्या ठोंबाचे दाणे उगवले. 'माझे' ढिम्म. झोपलेत की मेलेत? निम्मे काढून जिबरेलिनच्या बशीत टाकले.
नागपूरहून दादाचा फोन. सांगायला लागले तर "बरं बरं, जेवलीस का?"

३० ऑक्टो.
जिबरेलिनच्या बशीत पांढरी मुळं! साध्या पाण्यातले अजून तसेच. म्हणजे जिवंत आहेत, नुसते झोपलेत. मोठ्यांदा "आले!" म्हटलं. ऐकायला फ्रीज.
प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना फोन केला. "एका ठोंबावर काय ठरणार? जनुकात आहे की योगायोग, ते पुढच्या पिढीत कळेल. बी वाढवा."
बशीतल्या मोजक्या दाण्यांवर भागणार नाही. आणखी बी आणायला खाचरात पळाले. कापणी उरकलेली. झोडणीही. सगळं भात एका ढिगात.
दोरा बांधलाच नव्हता मी.

३१ ऑक्टो.
मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या,
"आदी बोलायचं की गं. येगळं कापलं असतं. आठ महिनं हितं ऱ्हातीस, कवा काय सांगत न्हाईस."
खरंय.

१ नोव्हें.
सकाळी मावशी माझ्या खोलीत आल्या. पहिल्यांदाच. बशीवर वाकून बघत बसल्या.
"ढिगात बिनमोडाचं दाणं हायेत की. ते येचू."
म्हटलं, मावशी, काही नुसते कोरडे राहिले म्हणून उगवले नाहीत. कसं ओळखणार?
"समदं भिजत घाल. उगवंल ते आपलं न्हवं."
इतकं साधं. मला का सुचू नये! घाई मात्र हवी. दाणा सुकत जातो तशी त्याची झोप उतरते.

४ नोव्हें.
तीन दिवस पडवीत दोघी. परातीत ओली फडकी, त्यावर दाणे. मावशी बोलतात, मी निवडते. त्यांच्या सासूबाई ओटीत बी बांधून माहेराहून आलेल्या. मीही बोलले. घटस्फोटाचंसुद्धा. त्या म्हणाल्या, "हां, अंदाज व्हता." एवढंच.

७ नोव्हें.
बहुतेक उगवले. न उगवलेले मूठभर. त्यातले काही कुजके, काही खरे झोपाळू. चिमटीभर जिबरेलिनमध्ये घालून बघते.

१० नोव्हें.
चिमटीतले निम्मे उठले. उरलेल्या मुठीतही त्या ठोंबाचे असणार. मावशींनी बशी कपाळाला लावली. मी हसले, मग रडू आलं. कशाचं, माहीत नाही.
दुपारी शहराकडच्या सूस गावाहून त्यांचा मुलगा आला. मोजणीवाले सोबत. खाचराच्या चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. विकायचंय म्हणे. मावशी पडवीतून उठल्या नाहीत.

१२ नोव्हें.
मावशी मुलाशी फोनवर: "बांधाकडची पट्टी एक साल ऱ्हाऊ दे. मग काय करायचं ते कर." तिकडून काय आलं कळलं नाही. फोन ठेवून परात घासत बसल्या.
माझ्या इथल्या नेमणुकीची मुदत डिसेंबरअखेर संपते. वाढवून मिळावी म्हणून अर्ज केलाय. उत्तर नाही.

१५ नोव्हें.
बी सुकवून, कागदी पाकिटात भरून कपाटात. मावशींनी विचारलं, "पेरणीला हाईस ना हितं?"
हो म्हणाले. पत्र आलेलं नाही, पट्टीचंही ठरलेलं नाही. तरी हो म्हणाले.