सात नंबरच्या बाटल्या

आई, तुझ्या सात नंबरच्या बाटल्यांत काय होतं ते मला परवा कळलं. तू जाऊन बारा वर्षं झाली. एवढा वेळ लागायचं काही कारण नव्हतं, मीच लावला.

मी पहिल्यांदा तुझ्या केळीच्या रोपांच्या लॅबमध्ये कामाला आले तो दिवस आठवतो का तुला? बी.एस्सी. झालेली, टिश्यू कल्चरवर प्रोजेक्ट केलेला, त्यामुळे नाक जरा वरच. तू गाळलेल्या हवेच्या त्या काचेच्या कपाटासमोर बसलेली आहेस, पुढ्यात स्पिरिटचा दिवा, एका हातात चिमटा, दुसऱ्यात पातं. बाटलीतल्या जेलीवरून केळीच्या कोंबांचा झुबका उचलतेस, तुकडे करतेस, नव्या बाटलीत रोवून झाकण लावतेस, झाकणावर तुझा नंबर, सात, टाकतेस. मी मास्क हनुवटीवर ओढून पुस्तकातलं काहीतरी ऐकवायला लागले, तशी मान न वळवता तू म्हणालीस, "तोंड मीट. तुझी थुकी नगं माझ्या बाटलीत." बाकीच्या बायका मास्कच्या आत हसल्या. मी संध्याकाळपर्यंत फुगून होते, पण तेव्हापासून दिव्यासमोर माझं तोंड उघडलेलं नाही.

तसं गप्प बसणं तुझ्या स्वभावात कुठं होतं? कबनूरला यंत्रमागावर कांड्या भरायचीस तेव्हा खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली. लॅबमध्ये आठ तास मुकी, आणि घरी चुलीपाशी बसलीस की आठ तासांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर. भाकरी थापता थापता भाजीवाला, लाईट, माझी आत्या, मी, कुणाला सोडायची नाहीस. म्हणून मला अजून नवल वाटतं की एका गोष्टीबद्दल तू कधीच अवाक्षर काढलं नाहीस. ती म्हणजे मोरीमागची आपली जवारी, गावठी केळ.

धुण्याभांड्याच्या पाण्यावर वाढलेली ती. ना खत, ना औषध. फळं बुटकी, जाडजूड, सालीला पातळ, चवीला आंबटगोड. फणी तांदळाच्या डब्यात घालून पिकवायचीस आणि डबा उघडला की घरभर वास. बारावीला मला अभ्यासाला वेगळी खोली हवी होती. मी दोन दिवस जेवले नाही. घराला जागा तेवढीच होती. चार दिवसांत गवंडी आला, केळ मुळासकट निघाली आणि तिथं खोली झाली. तू एवढंच म्हणालीस, "झाली न्हवं खोली? मग बस वाचत."

तू गेल्यावर, बाटल्या वाढायला ठेवतो त्या ग्रोथ रूममध्ये सगळ्यात खालच्या फळीवर, कोपऱ्यात तीन बाटल्या सापडल्या. झाकणावर तुझा सात, आणि वाणाचं नाव लिहायची जागा कोरी. दुसऱ्या कुणी नाव लिहायचं विसरलं की तूच ओरडायचीस! बाटलीत सगळ्या केळी सारख्याच दिसतात, बोटभर हिरवे कोंब. कुठली केळ ते घड धरल्याशिवाय सांगता येत नाही. बाटल्या धुणाऱ्या मावशींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय म्हाईत? पर त्या बाटल्यांस्नी तिनं कुणाला हात लावू दिला न्हाय, येवढं सांगतो तुला."

मग मीच त्या सांभाळल्या. दर महिन्या-सव्वा महिन्याला कोंब कापायचे, नव्या जेलीवर लावायचे. माझा नंबर एकवीस, पण त्या झाकणांवर मी सातच लिहीत राहिले. ठरावीक वेळा कापून झालं की वाण बिघडायला लागतो, म्हणून आम्ही जुन्या बाटल्या टाकून देतो. नव्या मुलींना हे मीच शिकवते. तरी या ठेवल्या, आणि मातीतही लावल्या नाहीत. आपली जवारी निघाली, तर तुला केळ गेल्याचं इतकं लागलं होतं की तू ती चोरून जपलीस, आणि माझ्यापासून लपवलीस. लॅबमधलीच रोजची निघाली, तर माझ्यापाशी तुझं काहीच उरलं नाही. दोन्ही उत्तरं मला नको होती.

दोन वर्षांपूर्वी राधानगरीकडचे एक शेतकरी रोपं न्यायला आले होते. म्हणाले, "बाई, औषधं मारून मारून माती मेली बघा. ती जुनी जवारी केळ हाय काय तुमच्याकडं? पाण्याला कमी, रोगाला दाद देत न्हाय." मी नाही म्हणाले. पलीकडच्याच खोलीत बाटल्या होत्या. "ठेवाय पायजे हुती की कुणीतरी," म्हणत ते गेले. मला इतकी लाज वाटली की त्याच आठवड्यात मी झाकणं उघडली.

जेली धुतली, कोकोपीटमध्ये लावली, वर प्लास्टिक झाकलं. जगली ती चार रोपं घरी आणली आणि तुझ्यासारखंच मोरीचं पाणी त्यांच्याकडं वळवलं. तीन खुरटली, पानं जाड आणि मुरडलेली. तो माझ्या उशीर करण्याचा दोष. चौथं मात्र सरळ वर गेलं. मागच्या आठवड्यात घड उतरवला, एक फणी तांदळाच्या डब्यात घातली आणि परवा झाकण काढलं.

तोच वास, आई. मी तिथंच फरशीवर बसले. एक खाल्लं, दुसरं खाल्लं आणि मग पोटभर रडले.

आता मात्र राहवत नाही, सांग ना, केलंस कसं? मातीतून उपटलेलं केळीच्या बुडाचं पिल्लू बाटलीत घातलं की सहसा कुजतं; शिकलेल्यांचीही कुजतात. तुझी किती कुजली? सर्वांदेखत केलंस की जेवणाच्या सुट्टीत? लॅबच्या त्या वेळच्या सरांना माहीत होतं का? आणि नाव का लिहिलं नाहीस, मी वाचेन म्हणून?

सोमवारी ते राधानगरीचे शेतकरी येणार आहेत, मीच फोन केला. त्या सरळ झाडाच्या बुडाला दोन पिल्लं आलीत, ती त्यांना देणार. हे कागद तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवते, आणखी कुठं पाठवणार?

एक राहिलं. परवा कळलं असं वर लिहिलंय, ते खरं नाही. केळ निघाली त्या सकाळी लॅबला निघताना तू ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालत होतीस. मी दारात उभी होते. मला खोली हवी होती, म्हणून विचारलं नाही.