खुडूक कोंबडी आन एकवीस दिवस

२५ मार्च २०२०, बुधवार. पाडवा.

तर पैली आली ती अहिली. गाडी वड्यात बंद पडली, पेट्रोल संपलं, तशी ही उतरून पळत सुटली, आजी आजी करत. पायात एकच चप्पल. मग आली सोनिया, माझी सून. पोरगं काखेत घ्यावं तसा काखेत मिक्सर. शेवटाला आमचा बिरदेव, गाडी ढकलत, घामानं निथळत. ही परवाची गोष्ट, सोमवारची. लिवायचं आज सुरू केलंय म्हणून आज लिवते.

मिक्सर बघितला आन मला कळलं. चार दिसाला येणारी बाई मिक्सर आणत न्हाई. मिक्सर घेऊन येती ती राह्यला येती. म्हाताऱ्याला हळूच सांगितलं तर म्हणलं, कुपवाडला खोलीत चोऱ्या हुत्यात म्हणून आणला असंल. सगळा जन्म मेंढरांमागं काढला त्यानं, मिक्सरातलं काय कळणार. म्हाताऱ्याचं नाव मी घेत न्हाई, पर अहिली म्हणली डायरीत चालतं. आकाराम.

डायरी बिरदेवच्या कंपनीची हाय. दर सालाला देत्यात, तो काय लिवत न्हाई. अहिलीच्या बाईंनी मोबाईलवर सांगितलं, सुट्टीत रोज एक पान लिवा. ती दोन ओळी लिवून कट्टाळली आन मला बसीवलं. मी तिसरी पास. चौथीच्या वक्ताला बापाची मेंढरं आडवी आली.

काल सांजच्याला टीव्हीवर सांगितलं, एकवीस दिवस सगळं बंद. सोनियाच्या डोळ्यात पाणी. बिरदेवनं डोक्याला हात लावला. मला बाई हसूच आलं, पदर लावला तोंडाला. एकवीस दिवस. कोंबडी अंड्यांवर बसवली की बरोबर एकवीस दिवसांनीच उठती. दिल्लीत कोणतरी कोंबड्या पाळल्यालं माणूस असणार, उगंच असा आकडा सुचत न्हाई. आमची तांबडी कोंबडी खुडूक झालीच हुती, अंडी उबवायला टेकली हुती. आज पाडव्याचा मुहूर्त बघून डालग्यात भुसा घातला, तेरा अंडी ठिवली, वळखू यावीत म्हणून कोळशानं रेघा मारल्या, आन बसीवली. आता एकवीस दिवस ती बी हालत न्हाई आन ही माझी तिघं बी हालत न्हाईत. तवर गावची गोडी लागंल. बिरदेव म्हणंल, आय, आता मेंढरं मी बघतो.

ठरवलं हाय, सोनियाला एक शब्द बोलायचा न्हाई. चूल तिच्या ताब्यात द्यायची.

२६ मार्च, गुरवार.

सकाळी सहाला चूल दिली. सातला परत घेतली. चहात साखर घालायची असती, तिनं साखरेत चहा घातलाता. बोलले काय न्हाई. नुसता कप खाली ठिवला. म्हातारं म्हणलं, तुजा कप लय बोलतोय.

२८ मार्च, शनिवार.

नानासो सरपंच आलं. दारात न येता बाभळीखाली उभं, तोंडाला टावेल. म्हणलं, काकू, सांगलीकडनं आल्याल्यांनी चौदा दिवस शाळेत राह्यचं ठरलंय. मी म्हणलं, शाळेत कशाला, मी घरातच कोंडते, तुमी बाहेरनं कडी लावा पायजे तर. नानासो म्हणलं, काकू, तुमी तर हरखल्यागत बोलताय. मी म्हणलं, न्हाई बाबा, काळजी लय हाय. नानासो म्हणलं, बरं, घरातच ठिवा.

काळजी हायच. पर गेल्या दिवाळीला ही तिघं दीड दिवस राहिली हुती, त्यातला अर्धा दिवस सोनियाच्या माहेरी. आता सरपंच सोता येऊन सांगतोय, बाहेर सोडू नका. माझं काय चालतंय सरपंचाम्होरं.

२ एप्रिल, गुरवार.

बिरदेव रोज सकाळी घरामागच्या बांधावर दगडावर चढतो. रेंज तितंच येती. एक हात वर, एक हात कानाला, सर सर म्हणत बोलतो. कंपनीला सांगत असणार, आता मी येत न्हाई म्हणून. एकदम कसं सांगायचं, म्हणून रोज थोडं थोडं सांगतोय. निरोप घेताना माणूस गोडच बोलतो.

आमाला अजून काय म्हणला न्हाई. लाजतोय.

७ एप्रिल, मंगळवार.

चौदा दिवस संपलं. ठरवल्यापरमानं आज मेंढरं बिरदेवच्या हाती दिली. चाळीस मेंढरं, काठी, फडक्यात भाकरी. म्हातारं म्हणलं, एकटं नगं धाडू, मी जातो संगं. मी म्हणलं, त्याच्या रक्तात हाय.

पाच वाजता मेंढरं एकलीच आली. सहाला बिरदेव आला. त्याच्या मागनं लालासाहेब, शेजारच्या रानाचा. म्हणला, काकू, तुमचा इंजिनेर दगडावर उभा राहून मोबाईलवर बोलत हुता आन मेंढरं माझ्या मक्यात हुती. मी म्हणलं, आरं त्यानं तोंडाला मास्क लावल्याला, मेंढरं ओळखतील कशी. त्यांची बी चूक न्हाई आन त्याची बी न्हाई. लालासाहेब म्हणला, मग माझीच असंल. समजूतदार माणूस.

उद्यापास्नं म्हातारं जाणार हाय मेंढरांमागं. बिरदेवला सुरवातीला हिशोबानं द्यायचं, एकदम चाळीस न्हाई. पाच.

८ एप्रिल. पाच दिली. चार आली. पाचवं लालासाहेबानं आणून दिलं.

१४ एप्रिल, मंगळवार.

तेरातली नऊ निघाली. चार नासली, चालायचंच. अहिली सकाळपास्नं डालग्यापाशी बसल्याली. पिल्लांना नावं ठिवली, तिच्या वर्गातल्या पोरींची. ही तिच्या बाकावरची, ही खिडकीपाशी बसती ती, आसं करत नऊच्या नऊ. मला बरं वाटलं. आता मैत्रिणींची आठवण यायची न्हाई तिला.

आन बघा, तांबडी उठली आन तिकडं टीव्हीवर सांगितलं की अजून ३ तारखेपातूर बंद. मला आतनं गुदगुल्या झाल्या. पर मग बोटं मोजली. ३ मे म्हंजी एकोणीस दिवस. एकोणीस दिसात पिल्लू निघत न्हाई, कवाबी न्हाई. कोणतरी मोजायला चुकलंय. मी म्हाताऱ्याला सांगितलं, हे वाढणार. काळी खुडूक हाय, तिला लगीच बसीवली. म्हातारं म्हणलं, तुजी कोंबडी सरकार चालवती व्हय.

२२ एप्रिल, बुधवार.

चूल परत दिली, परत घेतली. आता कितवी बारी ते लिवत न्हाई. सोनिया म्हणली, आत्ती, मला निदान भांडी तरी घासू द्या. देते म्हणलं. मग ती माझ्या पितळेच्या तांब्याला काथ्यानं घासाय लागली, चिंच सोडून. घेतला हातातनं. तिचा जीव गुतावा म्हणून तिला काय काम द्यावं, हाच इचार करून रात पडती.

ती बाभळीखाली बसून मिक्सरचं भांडं पुसत बसती. आमच्या इथं लाईटीचा नेम न्हाई, सैपाकाच्या वक्ताला नेमकी नसती, तिला वाटायला मिळत न्हाई. म्या पाटा दिला तर नुसती बघत राहिली त्याच्याकडं.

१ मे, शुक्रवार.

वाढलं. १७ तारखेपातूर. म्या सांगितलं हुतं, एकोणीस दिवस बसत न्हाईत म्हणून.

टँकरपाशी बायका इचाराय लागल्यात, सुलाकाकू, उघडायचं कवा. म्हाताऱ्यानंच सांगितलं असणार सगळ्यांना, कोंबडीचं. नानासो सरपंच बाभळीखालनं हसत म्हणलं, काकू, आमाला बी सांगत चला, दवंडी देतो. हसू दे. हसता हसता इचारून गेलंच की.

सतरा म्हंजी आजपास्नं सतराच दिवस. ह्यांचा हिशोब काय सुधरत न्हाई. काबरी खुडूक झालीया, आजच बसीवली, अकरा अंड्यांवर. बावीस तारखेपातूर कोण जात न्हाई.

४ मे, सोमवार.

आज सोनिया चुलीपाशी बसून रडली. मला वाटलं धूर लागला. म्हणली, आत्ती, कंपनी सुरू झाली. तेरा तारखेपातूर जो यायचा न्हाई, त्याच्या मशीनवर दुसरा उभा करणार. रोज बांधावर हे तेच बोलत्यात, सर थांबा म्हणत्यात. सातारा सोडून सांगलीत जायचं तर पास लागतो, मोबाईलवर भरायचा. तीनदा भरला, तीनदा न्हाई म्हणून आला. आठ दिवस झालं, ह्यांनी डोळा लावला न्हाई.

म्हंजी तो निरोप घेत नव्हता.

मी म्हणणार हुते, बरं झालं, जाऊ दे ती मशीन, हितं काय कमी हाय. तोंडात आलं हुतं. सोनियाचं तोंड बघून गिळलं. मग तिला म्हणलं, देव बघंल. तसं म्हणलं की आपल्याला काय करावं लागत न्हाई.

पर मनात एक इचार येतोच. जागा गेलीच तर सुटलाच की तो. मग मेंढरं शिकंल. पाचापास्नं सुरवात केलीच हाय.

७ मे, गुरवार.

परवा काळीची सात निघाली. अहिलीनं नावं ठिवली न्हाईत. म्हणली, पोरी संपल्या.

आज सकाळी बिरदेव डालग्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणला, आय, ती कोंबडी उठीव. मी म्हणलं, काय? म्हणला, काबरीला उठीव अंड्यांवरनं. हसत म्हणला. मी बी हसले. आयटीआय शिकल्यालं पोरगं, लोखंड सुतासारखं कातरतं, आन आयशीच्या कोंबडीला भितंय.

मग पुन्ना म्हणला. आता हसत नव्हता. ल्हानपणी ह्याच्या हातातलं कोकरू मेलं, तवा ह्याचं असं तोंड झालतं. म्हणला, आय, बारा वर्सं झाली मी त्या लेथवर उभा हाय. मला दुसरं काय येत न्हाई. मेंढरं बी येत न्हाईत, तू बघितलंस की. ती मशीन गेली तर मी कोण?

मी म्हणलं, तू माजा बिरदेव. म्हणला, त्याला पगार न्हाई, आय.

मी म्हणलं, आरं बसल्याली कोंबडी मधीच उठवत न्हाईत. पाप लागतं. आत जीव असतो. तो दगडाकडं गेला.

८ मे, शुक्रवार.

उठीवली. कुणी बघत नसताना, चांगली दोन हातांनी उचलून परड्यात सोडली. माझ्या लेकराच्या नोकरीपुढं अकरा अंडी काय. चुलीपाशी येऊन बसले न बसले तवर ती परत डालग्यात. पुन्ना उचलली. हाताला चोचलं तिनं. पुन्ना बसली. चार वेळा. डालगं पालथं घातलं, तर ती मोकळ्या जिमिनीवर बसली पोट टेकून, खाली अंडं न्हाई का काय न्हाई.

खुडूक मोडायची तर कोंबडी पाण्यात बुडवत्यात, हे मला ठावं हाय. पर पाणी टँकरचं. दोन दिसाला एकदा येतो. माणसांना प्यायला पुरना, कोंबडीला कुठनं देऊ. अंडी परत तिच्या खाली सरकवली. मी माझ्याकडनं केलं. आता माझा दोष न्हाई.

९ मे, शनिवार.

टँकर आला. सगळी भांडी भरली, वर दोन बादल्या उरल्या.

काबरी शिंकतीया असं वाटलं. शिंकणारी कोंबडी बुडवली तर मरंल. सोमवारी बघू.

१० मे, आयतवार.

शिंकत न्हाई. पर आयतवार हाय.

बिरदेव आज दगडावर गेला न्हाई. कंपनीला सुट्टी म्हणला. भिताडाला पाठ लावून बसल्याला, दिवसभर. अहिलीनं त्याच्या मांडीवर एक पिल्लू ठिवलं. ते तितंच झोपलं. तो हाललाच न्हाई, पिल्लू उठंल म्हणून. म्या लांबनं बघितलं आन घरात गेले. मग एक बादली भरली. डालग्यापाशी नेली. काबरीनं माझ्याकडं बघितलं. लय येळ आमी दोघी बघत बसलो. बादली परत आणली, त्यात डाळ भिजत घातली.

मला काय सुचंना झालंय. हे इथं लिवते, दुसऱ्या कुणाला सांगायचं न्हाई.

११ मे, सोमवार.

पास आला. सकाळी नवाला, मोबाईलवर टिंग करून. चवथ्यांदा भरल्याला. नानासो सरपंचानं डॉक्टरचा कागद काढून दिलाता, तो आदी जोडला नव्हता म्हणून अडत हुतं म्हणं. बिरदेवनं म्हाताऱ्याला मिठी मारली. म्हातारं घाबरलं.

काबरी बसल्यालीच हाय. आज तिचा अकरावा दिवस. अकराव्या दिशी काय निघत न्हाई, पर ही माझी तिघं निघाली.

बिरदेव येऊन म्हणला, आय, तुझी कोंबडी हिशोबात कच्ची निघाली की. लय दिसांनी चेष्टा केली माझी. मी म्हणलं, मी उठीवली हुती तिला. म्हणला, व्हय, बघितलं मी, चार वेळा. बघितलं त्यानं. मग बादली बी बघितली असंल.

सांजच्याला सोनियाला म्हणलं, उद्या जायचंय, आजचा सैपाक तू कर. केला. आमटी बरी हुती. बरी म्हंजी चांगली हुती. सांगायचं ऱ्हायलं तिला.

१२ मे, मंगळवार.

सकाळी सातला गेली. गाडीवर म्होरं बिरदेव, मधी अहिली, मागं सोनिया. तिघांनी मास्क लावल्यालं, डोळंच दिसत हुतं. सोनियानं पाया पडताना म्हणलं, आत्ती, तब्येतीला जपा. मी म्हणलं, हूं. पन्नास दिवस एका घरात काढलं आन शेवटाला हूं.

म्या बिरदेवला इचारलं, कवा यायचं. म्हणला, आय, पास एका बाजूचाच हाय. पुन्ना यायचं तर पुन्ना भरायचा, आन आलं की चौदा दिवस शाळेत. आता सुट्टी बी उरली न्हाई. दसऱ्याला बघू. सोनिया म्हणली, पंचमीला जमतंय का बघू. गाडी चालू झाली. अहिली मान वळवून वरडली, आजी, मी रविवारी येते.

म्हातारं म्हणलं, पोर काय बी बोलती. ते मेंढरं घेऊन गेलं. घरात एवढं ऐकू येत नव्हतं आदी. भुंग्याचं बी ऐकू येतंय.

दसऱ्याचं पान लय लांब हाय ह्या डायरीत. पंचमी बी श्रावणात. अहिलीचंच खरं धरते. म्होरचं पान उघडून वर लिवून ठिवलं, इसरायला नको.

रविवार, १७ मे. अहिली येणार.