वाइसखालचं कुंकू

बुधवार, संध्याकाळ

घरच्या मिलिंग मशीनच्या टेबलावर लोखंड पकडायचा वाइस बसवून राहिलो होतो. तो सपाट बसला का ते पाहायला डायल फिरवला, की काटा दर वेळी एका टोकाला चढे. बोल्ट बाबांनी कसले होते. सौंसरच्या वर्कशॉपात त्यांचा जन्म गेला, पण आता हात थरथरतो. "तुमच्यानं होत नाही आता," म्हणत मी पाना ओढूनच घेतला. ते बाजूला सरकले.

मी कसले, तरी काटा तसाच. शेवटी वाइस उचलला, तर टेबलावर कुंकवाचा वाळलेला टिळा! दसऱ्याची पूजा माझीच. वाइसही मीच त्यावर ठेवला होता.

बाबांनी टिळा पुसला. "कुंकू वरून लावत जा बापू, बुडाखाली नाई."

पुन्हा मीच बोल्ट कसले. या वेळी काटा जागचा हलला नाही, वाइस सपाट बसला.

टिळा पुसल्यावर पान्यासाठी बाबांनी हात पुढे केला होता. हे आत्ता लिहिताना आठवलं.