आलेखाची साक्ष

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
दि. ८ जून २०२५

ती. शिवराममामास,
सान्वीचा सा. न.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोलणं मी बंद केलंय, कारण माझा मोबाईल माझा राहिलेला नाही. दंडावरच्या सेन्सरमुळे माझ्या रक्तातली साखर मोबाईलवर रेघेसारखी मला दिसते, आणि वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात बसलेल्या आईलाही. रेघ वर गेली की तिचा फोन येतो. 'कशी आहेस' असं नसतंच, एकदम 'काय खाल्लंस'. परवा शिकवणीत आला. अख्ख्या वर्गाला कळलं की मी चोरून खाते.

मामा, मी काहीही चोरून खाल्लेलं नाही. पोळ्या मोजून, इन्सुलिन वेळेवर, तरी दोन महिने साखर चढतेच आहे. आई म्हणते, मोबाईल खोटं बोलत नाही. म्हणजे मी बोलते. आता साखर, गूळ आणि बेसनाचे लाडू एका कपाटात घालून तिने कुलूप ठोकलंय, आणि किल्ली रोज तिच्याबरोबर ऑफिसला जाते. बाबा तटस्थ आहेत, ते पेपर वाचतात.

तूही माझ्यासारखा लहानपणापासून इन्सुलिन टोचून घेतोस, म्हणून विचारते. न खाता साखर वाढू शकते का? की मी झोपेत चोरते?

लोभ असू दे, सध्या घरी त्याचा तुटवडा आहे.

तुझी (अद्याप आरोपी)
सान्वी


माजिवडा, ठाणे
दि. ११ जून २०२५

चि. सान्वीस,
शिवराममामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले आणि आमचा क्रोध प्रज्वलित झाला. क्रोध आमच्या प्रकृतीस मानवत नाही. त्याने आमचीही साखर वाढते, आणि ते कळल्यास तुझी माता आमच्यावरही श्रीखंडभक्षणाचा आरोप ठेवील.

प्रश्नाचे उत्तर: होय, वाढते. वयात येणारे शरीर अशी काही संप्रेरके निर्माण करते की कालपर्यंत पुरलेले इन्सुलिन आज तोकडे पडते. गतवर्षीचा गणवेश आखूड झाला, तेव्हा तू कापड खाल्लेस असा आरोप कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आम्ही तुझ्या वयाचे असताना तुझे आजोबा आमचे खिसे तपासत. आता खिशांच्या जागी आलेख आला, इतकीच काय ती प्रगती!

मात्र एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून लिहितो. उतरलेली साखर किल्लीची वाट पाहत नाही. दप्तरात ग्लुकोजची पुडी सदैव बाळग, आणि डोस स्वतःच्या मनाने वाढवू नकोस. तुझ्या डॉक्टरीणबाईंच्या संमतीने आम्ही एक यज्ञ योजिला आहे. रविवारी सकाळी नाश्ता करून इकडे ये. दिवसभर सावकाश काम करणारे इन्सुलिन नेहमीप्रमाणे घ्यायचे, दुपारचे जेवण टाळायचे आणि रेघ काय करते ते पाहायचे. आम्हीही उपाशी राहू. पाहुणीदेखत एकट्याने जेवणे आमच्या कुळात निषिद्ध आहे.

लोभ वाढवण्यास मात्र वैद्यकीय संमती लागत नाही.

तुझा
शिवराममामा


कोपर
दि. १६ जून २०२५

ती. दादास,
रतनचा सा. न. वि. वि.

काल फोन मीच आदळला. राहिलेलं लिहून कळवते, कारण तुझ्याशी बोलण्याची इच्छा नाही.

दुपारभर मी इथे बसून सान्वीची रेघ पाहत होते. ती चढतच गेली, आणि तू मला सांगतोस की दोघांच्या पोटात कण नाही! उपाशी माणसाची साखर चढते, हे मला शिकवू नकोस. वहिनीच्या हातचं श्रीखंड मला माहीत आहे, आणि भाचीपुढे तू किती विरघळतोस तेही.

उद्या तिचे डोळे गेले, मूत्रपिंडं गेली, तर तुझे विनोद कामाला येणार आहेत का? ती सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट तू फक्त ऐकलीस, मी पाहिली आहे. साखर एकदम उतरलेली, घामाने भिजलेली, लटलटणारी, माझं नावही तिला धड घेता येईना. स्वयंपाकघरात नेऊन डब्यातली साखर चमच्याचमच्याने भरवली, तेव्हा कुठे तिने मला ओळखलं. त्यानंतर मी धड झोपलेले नाही. कुलूप मी हौसेने लावलेलं नाही.

लोभ ठेवायचा की नाही, तो तुझा प्रश्न.

रतन


माजिवडा
दि. १८ जून २०२५

चि. रतनस,
अनेक आशीर्वाद.

तुझे आरोपपत्र प्राप्त झाले. त्यातील श्रीखंड काल्पनिक असून तुझी वहिनी रविवारी माहेरी, कल्याणास होती. स्वयंपाकगृह स्मशानवत होते. आम्ही मामा-भाची समोरासमोर बसून पत्ते खेळलो. ती सर्व डाव जिंकली, आणि दोघेही फक्त पाणी प्यायलो.

आता ज्या यंत्रावर तुझी अढळ श्रद्धा आहे, त्याचीच साक्ष काढतो. आमच्याही दंडावर सेन्सर आहे. एकच खोली, एकच उपास. आमची रेघ शांत तलावासारखी, तिची घाटासारखी चढणारी. मामाने श्रीखंड खाल्ले असते, तर मामाची रेघ मुकाट बसली असती काय? दोन्ही आलेख डॉक्टरीणबाईंना धाडले. त्या म्हणाल्या की मुलगी वाढते आहे, इन्सुलिन वाढवायला हवे. तेही कायमचे नव्हे, वाढ थांबली की पुन्हा उतरेल. डोस हा गुन्ह्याचा दंड नव्हे, रतन.

तुझ्या भीतीची थट्टा मी करणार नाही. परंतु डोस वाढला की साखर उतरण्याचा धोकाही वाढतो, म्हणून एवढेच विचारतो. त्या दिवशी तू साखरेच्या डब्याकडे धावलीस, तेव्हा त्याला कुलूप असते तर?

तुझ्यावरचा लोभ तुझ्या परवानगीवाचून चालू आहे.

तुझा
दादा


कोपर
दि. २९ जून २०२५

ती. मामास,
सा. न.

तुझं पत्र आईने उभ्याउभ्या वाचलं, पर्समधून किल्ली काढली आणि कुलूप काढून कचऱ्यात टाकलं. चुकले वगैरे काही म्हणाली नाही. कुलूप गंजलं होतं म्हणे. नवीन कुलूप, मामा! बाबांनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला.

डोस वाढवल्यावर रेघ बरीच शहाण्यासारखी वागते. पण माझा राग गेला नव्हता. काल मी मुद्दाम तिच्यासमोर डबा उघडला, एक लाडू घेतला, हिशेब करून इन्सुलिन घेतलं आणि सावकाश खाल्ला. मोबाईल तिने टेबलावर उलटा ठेवला होता, आणि त्यावर तळहात दाबून धरला होता. तो हात बघून माझा राग अर्धा झाला.

मग मी तिचा मोबाईल मागितला. साखर वर गेल्यावर वाजणारी घंटा तिच्याकडे बंद केली, खाली गेल्यावर वाजणारी चालू ठेवली. तिने विचारलं, ही कशाला ठेवलीस. मी म्हटलं, तेव्हा तू लागतेस.

लोभ पोचला, इकडूनही धाडला आहे.

तुझी
सान्वी